माळकऱ्याच्या राखणीतलं पिंप

तळघराची किल्ली सोराबशेठनी महिपतीच्या हातात दिली ती त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ बघून. तुंगार्लीच्या चढावरच्या त्या बंगल्यात तेव्हा खानसामा होता, ड्रायव्हर होता, बागेला दोन गडी होते. पण शेठ म्हणाले, "हा सगळा लोक एक दिवस पिऊन टाकेल. तू नाय पिणार. तुझा देव तुला पिऊ देत नाय. म्हणून तूच माझा बँक."

तळघरात एक लाकडी पिंप आडवं निजवलेलं होतं. लढाई संपल्यावर मायदेशी निघालेला एक अमेरिकन लष्करी साहेब ते शेठना देऊन गेला होता. आत त्यांच्या मुलखातली मक्याची दारू होती, बर्बन म्हणतात ती. हिला घाई करू नका, असं साहेब बजावून गेला होता. लाकडात जितकी वर्षं निजेल तितकी तिची किंमत वाढेल, आणि तिच्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतील. पुढं मुंबई इलाख्यात दारूबंदी आली. शेठनी पिंप जागचं हलवलं नाही. ज्याला त्या दारूचं काडीचं अप्रूप नव्हतं असा माणूस पिंप आलं त्या दिवसापासून तिच्या राखणीला बसलेलाच होता.

किल्ली घेतली त्या दिवशी महिपतीनं पिंपाच्या तोंडावर चार बोटांनी थाप दिली. मृदंग वाजवणाऱ्याची खोडच ती. गोल दिसलं की हात जायचाच, मग ती घागर असो, पिठाचा डबा असो. त्याचा धाकटा भाऊ बारकू तर सांगायचा, "एकदा पंगतीला पाटील शेजारी बसले, तर दादाचा हात त्यांच्या पोटाकडं निघालता. म्या धरला म्हनून बरं."

पिंप मुकं होतं. काठोकाठ भरलेल्या रांजणासारखं, ठप्प. महिपतीनं कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

महिपती लोहगडवाडीचा. बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूल नव्हतं. आईबाप त्याआधीच गेलेले. त्यामुळं बारकूला त्यानंच वाढवलं, बोलायला शिकवलं आणि गायलाही. बारकूचा गळा असा की वाडीच्या विठ्ठलमंदिरात एकादशीला तो कीर्तनाला उभा राहिला म्हणजे खालच्या गावांतून लोक कंदील घेऊन चढून यायचे. बारकू ओळ टाकायचा, टाळकरी ती उचलायचे, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत महिपतीचा मृदंग बोलायचा. कीर्तन ज्यानं मनापासून ऐकलंय त्याला ही जागा माहीत असते. गाणारा श्वास घेतो आणि वाजवणारा त्याचा श्वास सांभाळतो. बारकू कुठं थांबणार, कुठं हसवणार, कुठं त्याचा आवाज भरून येणार, हे महिपतीच्या बोटांना आधी कळायचं. भाऊ भाऊ एकमेकांशी फारसं बोलत नसत. एकादशीला सगळं बोलून होत असे.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात महिपतीला मुदतीचा ताप आला. वाडीला चुलत घरी त्यानं अंथरूण धरलं, आणि बंगल्याची राखण बारकूवर आली. माळकरी तोही होता. महिपतीनं करगोट्याची किल्ली सोडून त्याला दिली. ताप उतरून पायात बळ येईपर्यंत दसरा उलटला.

परत आल्यावर महिपती तळघर झाडायला उतरला. जाता जाता सवयीनं पिंपावर बोटं पडली, आणि तो खराटा हातात घेऊन तसाच उभा राहिला. पिंप बोललं होतं. वरच्या अंगाला चांगला घुमारा होता, बराच खाली गेल्यावर मुकेपणा लागत होता. मधल्या इतक्या वर्षांत तो दाराचं कुलूप ओढून बघायचा आणि परत फिरायचा, आत उतरायचा नाही. कुलपाआडच्या पिंपाला काय बघायचं? त्याच्या कानात पहिल्या दिवशीचं भरलेलं पिंप होतं आणि हे आजचं. मधे होता एकटा बारकू.

तो वर आला. बारकू गड्याच्या खोलीत दिवा पुसत बसला होता.

"बारकू, तळघरात कोन गेलतं?"

"मीच. दुसरं कोन जानार? ही खोली लय गळाया लागली, म्हनून पावसात तितंच निजायचो."

"पिंप पोकळ बोलतंय."

"बोलू दे की. तुज्याबिगर ऐकतंय कोन?"

महिपतीनं खुंटीवरची घोंगडी ओढून नाकाला लावली. गोडसर, जळक्या गुळासारखा, डोक्यात चढणारा वास.

"वास येतोय हिला."

बारकू हसला. "तळघराला येतोय, घोंगडीला येतोय. उद्या तितल्या उंदरांस्नी बी येईल. त्यांची काय धिंड काढतोस?"

"हसन्यावारी नेऊ नगंस. प्याला असशील तर माळ उतरव. खोटी माळ घालून इठ्ठलाम्होरं उभा ऱ्हाऊ नगंस."

बारकूच्या हातातली चिंधी थांबली.

"दादा," तो म्हणाला, "माळ गळ्यात असताना इचारलंस?"

बारकू उठला. त्यानं दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि मृदंगाच्या खुंटीवर अडकवली. घोंगडी खांद्यावर टाकली आणि चढ उतरून गेला.

माळकऱ्यांत रीत अशी की ज्याचं पथ्य मोडलं त्यानं आपल्या हातानं माळ उतरवायची. दुसऱ्या कुणी ती तोडायची नाही. महिपतीनं आयुष्यभर हेच बघितलं होतं. बारकूनं माळ उतरवली, म्हणजे कबूल केलं, असंच त्यानं धरलं. त्याच्या जागी वाडीतला दुसरा कुणीही असता तरी त्यानं हेच धरलं असतं. वाईट वाटून, रागानं, आपल्याच भावाचा विश्वास उडाल्याच्या शरमेनं कुणी माळ काढू शकतो, हे त्याच्या मनात आलं नाही.

वाडीत त्यानं एवढंच सांगितलं की बारकूला नोकरी लागली. पुढं कळलं की ते खरंही झालं. देहूरोडच्या लष्करी डेपोत बारकू माल चढवणारा-उतरवणारा खलाशी म्हणून लागला होता, वराळ्याची मुलगी करून तिथंच राहिला होता. महिपतीला लग्नाचं बोलावणं आलं नाही. आलं असतं तरी तो गेला नसता.

त्यानंतर एकादशीला तो वाडीत जायचा तो मंडपाच्या कडेला बसायचा. मृदंग कुणी पुढं केला तर "बोटं दुखत्यात" म्हणायचा. बाहेरगावचे चांगले चांगले कीर्तनकार येऊन गेले. बारकूच्या चालीच्या जवळपास कुणी आलं की महिपती चपला शोधायला उठायचा. त्याचा स्वतःचा मृदंग बंगल्यावरच्या खोलीत खुंटीला होता, आणि त्याच्या वर ती माळ. दर एकादशीला तो माळ काढून पुसायचा, मणी कपड्यानं चोळायचा आणि परत ठेवायचा. मृदंगाला हात लावायचा नाही. तळघरातही तो वर्षातून एकदा झाडण्यापुरता उतरायचा, आणि उतरला की दोन्ही हात खराट्यावर घट्ट ठेवायचा. त्या पिंपाचा आवाज त्याला पुन्हा ऐकायचा नव्हता.

बागेला पाणी घालताना मात्र तो गुणगुणायचा. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. टाळकऱ्यांनी ओळ उचलावी एवढी जागा सोडायचा. झारीतून पाणी पडत राहायचं. मग तो पुढची ओळ घ्यायचा. खानसामा एकदा म्हणाला, "महिपतीभाऊ, तुमचं गाणं मधेच बंद पडतं. रेडिओसारखं." पुढं खानसामाही गेला, ड्रायव्हर गेला, सोराबशेठ वारले. मुलगा होमीशेठ मुंबईला असे. बंगल्यात महिपती, चाफ्याची झाडं आणि जमिनीखाली ते पिंप.

एक गोष्ट त्यानं मनाशी पक्की करून ठेवली होती. कधी ना कधी पिंप उघडणार, कमी भरणार, आणि शेठ विचारणार. त्या दिवशी बारकूचं नाव निघू द्यायचं नाही.

तो दिवस आला सत्तर सालानंतर, एका माघातल्या दुपारी. होमीशेठची मोटार चढावर आली. सोबत फ्रामजी नावाचे उंच, वाकलेले पारशी गृहस्थ होते. मोटारीत रिकाम्या बाटल्यांची खोकी, काचेची नळी आणि बुचं होती.

"महिपती, हे आपले फ्रामजीकाका," होमीशेठ म्हणाले. "लोक तिकिटं जमवतात, हे जुनी व्हिस्की जमवतात. परमिट आहे त्यांच्याकडे, घाबरू नको. डॅडींचं पिंप आज उघडायचं. बाटल्या भरून यांच्या मंडळातल्या लोकांना द्यायच्या. इतकी वर्षं लाकडात राहिलेली बर्बन हिंदुस्थानात दुसरी कुठं नसेल, म्हणतात."

"म्हणायचं काय त्यात, नाहीच दुसरी," फ्रामजी म्हणाले. तळघराचं दार उघडल्याबरोबर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि डोळे मिटून नुसता श्वास घेतला. देवळाच्या पायरीवर माणूस थांबतो तसे थांबले. महिपतीला त्यांच्याविषयी उगीचच बरं वाटलं.

बूच काढलं. फ्रामजींनी लांब कांडी आत सोडली, बाहेर काढली, उजेडात धरली. ओली रेघ अगदी खाली होती.

"अरे!" होमीशेठ ओरडले. "पाव पिंपसुद्धा नाही? बाकी कुठं गेली?"

महिपतीचे हात गळ्यापाशी गेलेच होते. "शेठ, मी प्यालो."

"तू?" फ्रामजी म्हणाले. "सगळी?"

"व्हय."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच. दुसरं कुनी न्हाई. दुसऱ्या कुनाचा संबंध न्हाई."

"बरं. कशी पीत होतास? पाणी घालून, की तशीच?"

या प्रश्नाची महिपतीनं तयारी केली नव्हती. "ताकातनं," तो म्हणाला.

फ्रामजींनी कांडी खाली ठेवली आणि पिंपाला धरून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, होमीशेठनी पाठ चोळली. "ताकातून! होमी, ऐकलंस? ताकातून! माझ्या मंडळाला हे सांगितलं तर निम्मे जागेवर मरतील." त्यांनी डोळे पुसले. महिपतीचे हात अजून माळेवर होते. ते बघून त्यांचं हसू थांबलं. "हात खाली घे, बाबा. तू थेंब घेतला नाहीस. कुणीच घेतला नाही."

"मंग ग्येली कुटं?"

"लाकडातून. हे लाकूड श्वास घेतं. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत परत येते, आणि जाता येता थोडी थोडी हवेत उडते. दर वर्षी. आमच्या धंद्यात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. इतक्या वर्षांनी एवढीच उरायची. पिंप भरलेलं निघालं असतं तर मी म्हणालो असतो, कुणीतरी चोरून पाणी ओतलंय." त्यांनी हातानं तळघरातली हवा दाखवली. "हा वास येतोय ना? हीच ती, उडून चाललेली. इथं कुणी चार रात्री झोपलं तर त्याच्या पांघरुणाला कितीतरी दिवस वास राहील."

महिपती पायरीवर बसला.

"कुनी न शिवता?" त्यानं विचारलं.

"कुणी न शिवता. कुलपात असलं तरी."

"समद्याच पिंपांचं असं व्हतं?"

"सगळ्यांचं."

होमीशेठना त्याचा चेहरा बघून वाटलं, म्हातारा घाबरला. "अरे, आता तर खूश हो. चोरी नाही झाली."

"व्हय, शेठ. चोरी न्हाई झाली."

बाटल्या भरायला दुपार गेली. महिपती एकेक बाटली फ्रामजींच्या हातात देत होता. दारूचा रंग दाट काळपट तांबडा, चिंचेच्या कोळासारखा. फ्रामजींनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि टाळूवर घोळवला. मग म्हणाले, "लाकूड फार लागलंय. कडू आहे. पण अशी मी कधी चाखली नाही." निघताना ते म्हणाले, "बाटलीवर चिठ्ठी लावायची आहे. तुझं नाव घालू का? राखण तुझी."

"माजं नाव? दारूवर?" महिपती म्हणाला. "आता या वयात माळ काढाया लावता व्हय?" आणि थोड्या वेळानं, "लाकडाचं घाला. त्येनंच समदं केलं."

मोटार गेल्यावर तो रिकाम्या तळघरात पुन्हा उतरला आणि पिंपावर थाप दिली. ते खालपर्यंत घुमलं. त्यानं जागा बदलून पुन्हा दिली, पुन्हा ऐकलं. बारकू गेला त्या साली दिवाळीत एकदा, शिमग्यात एकदा, एवढ्या दोन थापा दिल्या असत्या तरी आवाज खाली सरकताना ऐकू आला असता. मृदंग लावताना माणूस एका थापेवर कधी उठतो का? ठोकतो, ऐकतो, परत ठोकतो. भावाच्या बाबतीत त्याला एक थाप पुरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो देहूरोडला उतरला. माळ कोपरीच्या खिशात, फडक्यात गुंडाळलेली. डेपोच्या चाळीत विचारत विचारत दारापाशी गेला. एक बाई तांदूळ निवडत होती.

"बारकू हितंच ऱ्हातो का?"

"हितंच. तुमी कोन?"

"मी महिपती."

बाईनं पदर डोक्यावर घेतला, सुपावर हात तसाच. "थोरलं भावजी. मृदंगवाले." तिनं त्याला खाली-वर पाहिलं. ही येसूबाई, बारकूची बायको. "घर सापडाया लय वर्सं लागली, भावजी. स्टेशनापासनं लांब न्हाई तसं."

"न्हाई, लांब न्हाई," महिपती म्हणाला.

तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि परत सुपाशी बसली. दुपारी बारकू आला. खाकी कपडे, हातात डबा, कानापाशी केस पांढरे. दारातच थांबला. मग वाकून त्यानं पायाला हात लावला, सवयीनं लावावा तसा. सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीचे मणी दिसले.

"जेवलास का, दादा?"

"जेवतो. आधी ऐक." आणि महिपतीनं सगळं सांगितलं. कांडी, ओली रेघ, लाकडाचा श्वास, देवदूतांचा वाटा. ताकाचंही सांगितलं. येसूबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. बारकूही हसला, पण ते लगेच ओसरलं.

"लाकूड पीत व्हतं रं, बारकू," महिपती म्हणाला. "तू न्हाई."

"मला ठावं व्हतं, दादा," बारकू शांतपणे म्हणाला. "मला काय नवं सांगतोस?"

चाळीतल्या नळावर बायकांचा गलका चालला होता. महिपती जमिनीकडे बघत होता.

"मंग बोलला का न्हाईस?"

"दुसऱ्या कुनी इचारलं असतं तर बोललो असतो. पाटलानं, फौजदारानं. शपथ बी घेतली असती. तू इचारलंस."

महिपतीनं फडकं सोडलं आणि माळ पुढं केली. बारकूनं ती हातात घेतली, मणी बोटांखालून सरकवले. "चकचकीत ठिवलीस," तो म्हणाला आणि परत भावाच्या तळहातावर ठेवली. "असू दे तुज्यापाशी. माज्या गळ्यात हाय. त्या फुडल्याच एकादशीला घातली. देवानं काय इचारलं न्हाई."

"गातोस?"

"हितल्या देवळात. मृदंगाला एक मद्राशी हवालदार हाय. ताल त्येचा, गानं आमचं. मधीच दोगांची वाट चुकती, मंग लोक हसत्यात. पर मानूस लय चांगला."

जेवण झालं. येसूबाईनं आग्रह करून वाढलं. गाडीची वेळ झाली तशी बारकू त्याला स्टेशनापर्यंत सोडायला आला. फलाटावर महिपती म्हणाला, "एकादशीला वाडीला येशील?"

"ड्यूटी बघावी लागंल."

"बघ."

"मृदंगावर कोन?"

"मीच."

"पुडी फाटली नसंल का इतक्या वर्सांत?"

"आता ऐकल्याबिगर कसं सांगू?" महिपती म्हणाला.

बारकूनं त्याच्याकडे पाहिलं. गाडी आली. "बघू," तो म्हणाला.

मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली नव्हती, पण ते ताणून धरणाऱ्या वाद्या कडक होऊन गेल्या होत्या, त्यावरची काळी शाई भुकटी होऊन बोटाला लागत होती. तळेगावच्या कारागिराकडून महिपतीनं नवी पुडी चढवून आणली. रोज संध्याकाळी तो वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून मृदंग सुरात लावत बसे. बोटं खरोखरच दुखत होती.

एकादशीला तो वाडीत पोचला तेव्हा मंडपात समया लागल्या होत्या. या खेपेला बाहेरचा कीर्तनकार ठरवू नका, असं त्यानं आधीच कळवलं होतं. तो कडेला न बसता मधे जाऊन बसला, डाव्या तोंडाला कणीक थापली, आणि उजव्या तोंडावर हळूच बोटं फिरवली. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले. मधली जागा रिकामी होती.

"महिपतीआबा," जानू टाळकरी म्हणाला, "उभं कोन ऱ्हानार?"

"बघू," महिपती म्हणाला.

खाली मळवली स्टेशनाकडून येणारी वाट काळोखात गेली होती. तिच्यावर एखादा कंदील हलतोय का ते मंडपातून दिसत नव्हतं. महिपतीनं थाप दिली, मान वाकवून ऐकली. एक गठ्ठा किंचित ठोकला, आणि परत दिली.